पाण्यात पाहणं

कुलूपकाकांचं किल्ल्यांचं दुकान माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच. त्यांचा धंदा चालतो संशयावर, आणि तो संशय काकांनी घरीही पाळला होता. दूध आलं की वास घेणार, शेजारी हसला की "हा का हसला?" म्हणणार. घरातल्या प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असायची. सून घरात आली तेव्हा त्यांनी तिच्या खोलीला कुलूप बसवायचं काढलं. "बाबा, घरातल्या घरात कसलं कुलूप?" ती म्हणाली. काकांना त्याचाही संशय आला.

त्यांचा विश्वास एकाच जिवावर, कुत्रीवर. नाव चावी, जन्मात कुणाला चावली नाही.

चावी म्हातारी झाली, हिरड्या सुजल्या, खाणं सुटलं. काकांनाही घास उतरेना. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने चांदीचं पाणी आणलं. पाण्यात चांदीचे अगदी बारीक कण, जनावरांच्या जखमेला बरं असतं म्हणे. माझ्या मते त्यात चांदी झाली असेल ती विकणाऱ्याची. बाटली तपकिरी काचेची होती.

"ज्याच्या आरपार दिसत नाही, त्यात काहीतरी दडवलेलं असतं," काका मला म्हणाले.

"चांदी आहे काका, दडवूनच ठेवतात."

ते हसले नाहीत. चावीला थेंबही न देता त्यांनी ते पाणी साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि दुकानाच्या खिडकीत, भर उन्हात ठेवलं. किल्ली घासता घासता मान वर करून बघायचे. सासरा सुनेला पाण्यात पाहतो हे नुसतं ऐकलं होतं; इथे ते रोज डोळ्यांना दिसायला लागलं.

फिक्कट पिवळं पाणी हळूहळू करडं झालं आणि एके दिवशी तळाशी काळा गाळ बसला. काका बाटली घेऊन वर घरात गेले. त्यांची आखूड केलेली पॅन्ट द्यायला मीही मागोमाग गेलो होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"चावीचे केस तुला घरात नको होते," ते सुनेला म्हणाले. "तेवढ्यासाठी विष आणलंस?"

मुलगा ताटाकडे बघत राहिला. मला त्या दोघांचाही असा राग आला की पॅन्ट तिथेच टाकून निघावंसं वाटलं. सुनेने चावीला उचललं आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाली. पुरावा हातात धरून काका मागे, आणि मी त्यांच्या मागे.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "ही मूळची बाटली नाही ना? चांदी उजेडात काळवंडते. म्हणून तर ती तपकिरी काचेत देतात. तुम्ही पांढऱ्या काचेत घालून उन्हात ठेवलीत, दुसरं काय होणार?"

"म्हणजे विष नाही?"

"विष कुणी कालवलेलं नाही. पण औषधही नाही. कुठल्याही बाटलीत ठेवा, याने हिरड्या बऱ्या होतात असा पुरावा नाही. पाजू तर नकाच. हिचा दात किडलाय, तो काढू."

दात निघाला. चावी खायला लागली, काकाही जेवायला लागले. पाणी म्हणजे शुद्ध थोतांड होतं आणि ते आपण आधीच ओळखलं होतं, हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. काळं कशाने पडलं ते मात्र कुणाला सांगितलं नाही. सुनेला तर काहीच बोलले नाहीत.

मग एका संध्याकाळी कामावरून येताना सून दुकानात शिरली. मी बाहेरच उभा होतो.

"बाबा, आमच्या खोलीला कुलूप हवंय. चांगलं द्या."

काकांची कानस हातातच राहिली. मग त्यांनी वरच्या फळीवरचं सगळ्यात भारी कुलूप काढलं, तेल घातलं, उघडझाप करून बघितलं. त्याच्या तीन किल्ल्या. दोन त्यांनी तिच्या हातावर ठेवल्या आणि तिसरी, सवयीने, कमरेच्या जुडग्यात ओवली.

तिने हात मागे घेतला नाही.

"ती पण," ती म्हणाली.

आयुष्यभर किल्ल्या हाताळलेला माणूस, पण त्या जुडग्यातून ती एक किल्ली त्यांना निघता निघेना.