यशोदेनं तरी कुठं ओळखलं होतं?

माझं लग्न देवामुळे अडलं होतं आणि त्याचा मला देवावरच राग होता. हे आधीच सांगते, कारण असे अनुभव लिहिणारी माणसं पहिल्या ओळीपासून हात जोडून उभी असतात. माझा तो स्वभाव नाही.

आम्ही पनवेलजवळच्या कोन गावचे. पांढऱ्या घोड्यावरून कल्की येणार आणि कलियुग संपणार, ही बाबांची पक्की श्रद्धा. मी कॉलेजात असताना बहाई धर्म स्वीकारला. कृष्ण, बुद्ध, येशू ज्याचा निरोप घेऊन आले त्याचाच निरोप घेऊन इराणात एकजण येऊन गेला, सगळे धर्म ज्याची वाट पाहतात तो तोच, हे मला मनापासून पटलं. बाबा कडाडले, "देव येऊन गेला आनि आमाला पत्ता नाय?" मीही गप्प बसले नाही.

आमच्या धर्मात लग्नाला दोन्हीकडच्या आईवडिलांचा होकार लागतो. बाकी सगळ्यांनी दिला. बाबांनी अट घातली, "ते खूळ सोड, मंग सही करतो." होणारा नवरा म्हणाला, तू सज्ञान आहेस, सरळ कोर्टात लग्न करू. मी ठाम नकार दिला. श्रद्धा सोडणार नव्हते आणि तिचा नियमही मोडणार नव्हते. अशी दोन वर्षं गेली. प्रार्थनेला बसले की मी भांडायची, तुझ्यासाठी हट्ट धरलाय, आता तूच निस्तर!

शेवटी बाबा मला उरणजवळच्या मोऱ्याला आत्याकडे घेऊन निघाले. ती मला समजावेल, ही त्यांची आशा. पनवेलच्या एसटी स्टँडवर उरणची गाडी लागेना आणि बाकावर आमची पुन्हा जुंपली. "खरा असता तर लोकांनी वलखला नसता?" बाबा म्हणाले. शेजारी सुकटीची पाटी घेऊन एक अनोळखी म्हातारी बसली होती. ती मध्येच म्हणाली, "यशोदेनं तरी कुठं वलखला? उखलाला बांधून घातला व्हता!" तेवढ्यात तिची गाडी लागली आणि ती पाटी उचलून गेली.

"यशोदेनंबी नाय वलखला..." बाबा स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, "बापाच्या सहीबिगर कोर्ट लग्न लावत नाय ना?"

"लावतं, बाबा. कायद्याला तुमची सही लागत नाही. माझ्या धर्माला लागते."

ही दोन वर्षं त्यांना वाटत होतं, सरकारच मला अडवतंय. ते माझ्याकडे वळले. "मंग दोन वर्सं नुसती माज्यासाठी थांबलीस?" "तुजा देव आला का नाय, मला ठावं नाय. पन काढ तो सहीचा कागद."

मला रडू आवरेना. देवाला शरण जाणं म्हणजे मान तुकवणं, असं मला वाटायचं. मी तर कुणापुढे तसूभर वाकले नव्हते. फक्त जो नियम आडवा आला तो धरून राहिले, आणि बाकीचं देवाने केलं. त्या म्हातारीला कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. तिचे आभार मात्र रोज मानते.

मोऱ्याला पोचलो तेव्हा आत्या पदर खोचून तयारच होती. बाबा दारातूनच म्हणाले, "समजवायची गरज नाय गो. लग्नाचं आवतान घेऊन आलोय."