‘नाही’चा ‘हो’ झाला

अदिबा गंगापूर रोडवरच्या एका लहान कंपनीत एक्सएसएलटी लिहायची. म्हणजे एका यंत्रणेची फाइल दुसरीला समजेल अशी बदलून देणारे नियम. यंदा काम द्राक्षांच्या निर्यातीचं होतं. कंटेनरमध्ये पॅलेट, पॅलेटवर पेट्या, पेटीत बागेचा माल. त्यात कुठे फवारणीच्या औषधाचा जास्त अंश सापडलाय का, एवढंच शोधायचं. तिने लिहिलेलं फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारत एकेक थर आत उतरायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ घेऊन वर यायचं.

ऐनवेळी कळलं, गिऱ्हाइकाकडे, म्हणजे निर्यात कंपनीकडे, एक्सएसएलटीची आवृत्ती जुनी आहे. तिथे असं फंक्शन चालत नाही. तिने घाईघाईत तेच जुन्या पद्धतीचं टेम्पलेट करून बसवलं.

सोमवारी सगळेच कंटेनर अडकले. दिंडोरीहून सोमनाथ या बागायतदाराचा फोन आला.

“ताई, लॅबचा रिपोर्ट चांगला हाय. मग तुमचं कॉम्प्युटर माल खराब कसा म्हणतंय?”

दुपारपर्यंत अदिबाला चूक सापडली. जुन्या पद्धतीत खरं हो-नाही परत येतच नाही, नुसता मजकूर येतो. टेम्पलेट इमानेइतबारे ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, हा शब्द पाठवत होतं, आणि वरची अट काहीतरी आलंय एवढं बघून त्याचा ‘हो’ धरत होती. आलेला शब्द ‘ट्रू’च आहे का, हे विचारलं की झालं. एका ओळीचं काम.

ती तिच्या वरिष्ठांकडे, मनोज सरांकडे धावली.

“सीझनमध्ये गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर बदल बंद असतात. मेल टाकतो. परवानगीशिवाय हात लावायचा नाही.”

“सर, माल खोळंबलाय.”

“मला कळत नाही का ते?”

सोमनाथचा पुन्हा फोन आला. “बोट गुरुवारी हाय, ताई.”

“दादा, चूक आमची आहे. तुमच्या मालात काही नाही.”

“मग सोडा की!”

“माझ्या हातात नाही ते.”

त्याने फोन ठेवला.

परवानगी शुक्रवारी आली. तिने ओळ बदलली, तपासणी लगेच बिनचूक चालू लागली. बोट निघून गेली होती. अदिबाने स्वतःहून सोमनाथला फोन लावला. पेट्या फोडून माल क्रेटमध्ये भरला, गावातल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिला, असं तो म्हणाला. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही.

“आमच्या बागेच्या नावापुढं अजून खराबच लिहिलंय का?”

तिने पाहिलं. परदेशी खरेदीदाराकडे गेलेली नोंद तशीच होती.

“हो. ती खोडायचा अधिकार मला नाही, दादा.”

“मग कुणाला हाय?”

ते विचारायला अदिबा पुन्हा मनोज सरांकडे गेली.