सावलीतला रस्ता

थर्मासच्या एकाच झाकणातून आम्ही चहा प्यायलो, एक घोट व्याह्यांचा, एक माझा. आम्ही बरोबर केलेलं शेवटचं साधं काम ते. व्याही म्हणजे माझ्या पोरीचे सासरे. रस्त्याला एवढं ओळखणारा आणि एवढं भिणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा बघितला नाही. तीस वर्षं घाटात ट्रक चालवला, पण ख्राइस्टचर्चला लेकाकडं राहायला आल्यापासून स्टेअरिंगला हात लावला नाही. "इथला रस्ता माझ्या ओळखीचा नाही," म्हणायचे. ओळख करून घ्यायची रीतही त्यांचीच. डोंगरातल्या रस्त्याला सावली दिसली की लेकाला गाडी थांबवायला लावायची, खाली उतरून हातमोजा काढायचा आणि डांबरावर तळवा टेकायचा. तिथला बर्फ काचेसारखा, डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो, असं त्यांचं म्हणणं. मागून येणारे गोरे काच खाली करून विचारायचे, काय झालं? हे अंगठा उंच करून "स्वीट अ‍ॅज!" म्हणायचे, म्हणजे सगळं झकास. तेवढंच इंग्रजी त्यांना पुरायचं.

इथला हिवाळा जूनमध्ये. जून लागला की गॅरेजमध्ये चाकांना बर्फातल्या साखळ्या चढवायची तालीम, तीही डोळे मिटून. अंधारात वेळ आली तर? मीही पोरीकडंच राहायला, तेव्हा मी घड्याळ घेऊन उभा. एकदा साखळी चाकाऐवजी स्वतःच्याच पायात अडकली, धाडकन आपटले, आणि उताणे पडूनच विचारतात, "पाव्हणं, किती मिनिटं झाली?" आमची ही गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो त्या दिवशी. डिकीत घोंगडी, फावडं, वाळूची पिशवी, शेंगदाण्याचे लाडू. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथं डेअरी म्हणतात, तिथं जातानाही हे सामान तपासायचे. नात वैतागायची, "आजोबा, इट्स ओन्ली द डेअरी!" हे म्हणायचे, "डेअरीलाही रस्त्यानंच जायचं ना, बाळ?"

त्या दिवशी आम्ही तिघंच बर्फ बघायला गेलो होतो, जावई, व्याही आणि मी. चहा पिऊन परत निघालो. चार ठिकाणी सावलीत थांबलो. पाचव्या ठिकाणी जावई म्हणाला, "बाबा, असं थांबत बसलो तर पोचणार कधी?" आणि थांबला नाही. त्याच वळणावर गाडी घसरली. तोंड चरात, मागची बाजू रस्त्यावर. कुणाला खरचटलंही नाही. फोनला रेंज नव्हती. "मामा, बाबा, कुणी पट्टा सोडू नका, खाली उतरू नका," असं बजावून जावई टेकाडावर चढला.

मला बसवेना. म्हणलं, "पाव्हणं, मागून कुणी आलं तर? आपल्याकडं अशा वेळी वळणामागं फांद्या टाकतात."

"पोरगं नको म्हणालंय. त्याला इथलं कळतं."

"तीस वर्षं ट्रक चालवला म्हणता, आणि एवढं भ्यायला झालं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पट्टा सोडला आणि उतरले. झुडपाच्या फांद्या मोडून मागं वळणाकडं चालत गेले. वाकून फांदी ठेवत होते तेवढ्यात पिकअप आली. त्या माणसानं ब्रेक दाबला, पण बर्फावर ब्रेक लागतो कुठं. गाडी आडवी सरकत आली. आमच्या गाडीच्या अलीकडं थांबली, पण व्याह्यांच्या पलीकडं.

घरी आल्यावर जावई एकच बोलत होता. मी त्या वळणावर थांबलो असतो तर. मी फोनला गेलो नसतो तर. पोरगी त्याची पाठ चोळत होती. सगळे धरून चालले होते की त्यांच्या सवयीनं ते आपणहून उतरले. मी मान खाली घालून बसलो.

सकाळी जावई अंगणात गाडीच्या काचेवरचं दव खरवडत होता. ते गोठून पांढरं झालं होतं. शवागारातून बाबांना आणायला जायचं होतं. मी बाहेर गेलो आणि सांगितलं, "तुझे बाबा आपणहून उतरले नाहीत. मी टोचून बोललो म्हणून उतरले. तू नको म्हणालायस, हे त्यांनी मला सांगितलं होतं."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. काच कधीच साफ झाली होती, तरी तो खरवडतच राहिला. पायातल्या सपातांतून गारठा वर चढत होता. मी आत गेलो नाही. तो काय बोलेल ते ऐकायला तिथंच उभा राहिलो.