पोटावरची फुंकर

निजामाच्या अमलात, श्रावणी सोमवारी धर्मापुरीच्या देवळापुढं एक पाखरंवाला बसायचा. डोंगरातल्या दाट झाडीतली, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली मूठभर पिवळी पाखरं आणायचा. बायका ती विकत घेऊन पुण्यासाठी तिथंच सोडायच्या. देताना पाखराची भीती मोडावी म्हणून तो त्याच्या पोटावर हळूच फुंकर घालायचा.

एकदा तो माझ्या सासूबाईंना म्हणाला, "माय, हितं नका सोडू. लई उघडं हाय. सांजच्याला मीच डोंगरात सोडतो."

"मग पुण्य तुलाच लागंल की!" म्हणत सासूबाईंनी मूठ उघडली. पाखरू देवळाच्या शिखरावर टेकतंय तोच शिक्र्यानं झडप घालून उचललं. एक पिवळं पीस खाली आलं. पाखरंवाल्यानं ते पागोट्यात खोवलं.

पुढच्या सोमवारी त्यानं चिमण्या आणल्या. "ह्या हितल्याच हायत. कुटंबी सोडा, जगत्यात."

"चिमण्या सोडून कसलं आलंय पुण्य?" सासूबाई म्हणाल्या. कुणीच घेतल्या नाहीत. शेवटी त्यानं पिंजरा आपणच उघडला आणि निघून गेला.

त्यानंतरच्या सोमवारी त्याच्या जागी दुसराच बसला होता, पिवळी पाखरं घेऊन. सासूबाईंनी दोन घेतली, एक माझ्या मुठीत दिलं. फुंकर कुणी घातली नव्हती. ते नुसतं थरथरत होतं.