राखणदारणीचा डावा हात

पंचांचा धंदाच मुळी चुका काढायचा. औषधांची खोकी छापणाऱ्या छापखान्यात ते एकोणीस वर्षं तपासनीस होते. खोक्यावरची तारीख, अक्षरांची उंची, निळ्या रंगाचा निळेपणा, सगळं त्यांच्या भिंगाखालून जायचं आणि त्यांच्या सहीशिवाय एक खोकं दाराबाहेर पडत नसे. असा माणूस सुट्टीच्या दिवशी तरी गप्प बसेल? छे. रविवारी दुपारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत ‘सात दरवाजे’ खेळणाऱ्यांचं मंडळ भरायचं, तिथेही निवाडा करायला हेच. ‘पंच’ हे नाव तिथे पडलं आणि मग सगळीकडे तेच चालू झालं.

‘सात दरवाजे’ हा कार्डांचा खेळ. कार्डांवर किल्ले, जादूगारणी, पंखवाले घोडे. प्रत्येक कार्डाची किंमत दिव्यांत, म्हणजे ते मैदानात उतरवायचं तर तेवढे दिवे खर्चायचे. वर्षातून दोनदा कंपनी नवा संच काढते आणि त्यात किल्ल्याची गोष्ट थोडी पुढे सरकते. मंडळात सगळी वाढलेली माणसं. कुणाचे केस गेलेले, कुणाचे गुडघे गेलेले, पण पंखवाल्या घोड्याच्या शेपटीवरून दोन दोन महिने एकमेकांशी बोलत नाहीत. आता काय बोलणार यांना.

नवा संच बाजारात यायच्या आधी मंडळांना नमुन्याचं पाकीट येतं. या वेळच्या पाकिटात सातव्या दाराची राखणदारीण होती. सातव्या दाराआड काय आहे याची ही मंडळी बारा वर्षं वाट बघत होती, आणि दार उघडलं तर आत एक म्हातारी. तलवार नाही, मुकुट नाही. किल्ल्यातल्या लोकांना मागच्या वाटेने बाहेर सोडते आणि दाराला उजवा खांदा लावून उभी राहते, एवढंच. किंमत चार दिवे, ताकद एक.

पाकीट सोमवारी आलं. पंचांनी ते घरी जेवणाच्या टेबलावर फोडलं, भिंग काढलं आणि वहीत लिहिलं: ‘डावा हात सदोष. मनगट आत वळलेलं, कोपर अंगाला चिकटलेलं, बोटं मुडपलेली. चित्रकाराने आरशासमोर उभं राहून निदान स्वतःचा हात तरी बघायचा होता.’ शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी ते मंडळातल्या सगळ्यांना फोनवर पाठवून दिलं.

झालं. आगीत तेल ओतायला कुणीतरी हवंच होतं. मंगळवारी दुसऱ्या मंडळांनी ते वाक्य उचललं, बुधवारपर्यंत तो हात जिकडेतिकडे झाला. वकिलांनी, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले एक कारकून, पण वाद घालायची हौस अशी की नाव वकीलच पडलेलं, त्यांनी कंपनीला पाठवायचं निषेधपत्र तयार केलं. पहिला मुद्दा पंचांच्याच शब्दांत: हात बदला. कंपनीने रविवारी संध्याकाळी सहापर्यंत हरकती मागवल्या होत्या. मागे असाच ओरडा झाला तेव्हा एक अख्खा घोडा बदलला होता, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात बळ संचारलेलं. बाकीची मंडळंही याच पत्राखाली आपली नावं घालणार होती, आणि पत्रावर सही पंचांची लागते. सगळं कसं जुळून आलं होतं.

शनिवारी सकाळी पंच दाढी करत होते तेव्हा धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली. ती चित्रं काढते, या कंपनीसाठीही काढते, हे त्यांना ठाऊक होतं. कुठलं कार्ड कुणाचं हे मात्र संच बाजारात येईपर्यंत सांगायचं नाही असा करार असतो, आणि ती कराराची पक्की.

“दादा, तो हात आईचा आहे,” ती म्हणाली.

वस्तरा गालावरच थांबला.

चार वर्षांपूर्वी आईला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. धाकटीने सहा दुपारी आईला बाल्कनीच्या दाराशी उभं करून, मध्ये मध्ये बसवून चित्र काढलं होतं, पंच छापखान्यात असताना. आईची अट एकच होती, हात झाकायचा नाही. झाकणार असशील तर दुसरी म्हातारी शोध, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. आणि आता कंपनीने धाकटीला कळवलं होतं की मंडळांची तशी हरकत आली तर बुधवारपर्यंत हात सरळ करून द्यावा लागेल.

पंचांनी विचारलं, तू काय करणार? ती म्हणाली, देईन सरळ करून, दादा, मला कंटाळा आलाय. आईला काय सांगायचं ते तूच सांग. आणि मी काढलंय हे बाहेर कुणाला बोलायचं नाही, शपथ आहे तुला माझी. पंच जरा चिडूनच म्हणाले की मला आधी सांगायला काय झालं होतं. त्यावर धाकटीने त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी तोंडाला पुन्हा साबण लावून घेतला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हा गृहस्थ काही परका नव्हता. रोज सकाळी आईला स्वेटर घालायचं काम त्यांचंच. आधी डावी बाही, मग डोकं, मग उजवी. चार वर्षं, एक दिवस चुकला नाही. आणि तोच हात कार्डावर आला तर म्हणे सदोष. दुसऱ्याच्या खोक्यावरचा कणभर ठिपका दिसतो, घरातला हात दिसत नाही.

रविवारी पंच खोलीवर पोचले तेव्हा वाद रंगात आला होता. मास्तर गणिताच्या शिकवण्या घेतात. त्यांनी फळ्यावर हिशेब मांडून सिद्ध केलं होतं की ताकद एकला चार दिवे ही शुद्ध दिवाळखोरी आहे. वकिलांचं म्हणणं, गोष्टच बिघडवली. म्हातारीने लढता लढता मरायला हवं होतं. मास्तरांना ती वेष पालटलेली जुनी राणी हवी होती. सायकलवाल्याला, ज्याची ही खोली, दार आणखी मोठं हवं होतं. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तिघेही एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. पंचांना पहिल्यांदाच वाटलं की आपण बारा वर्षं रविवारची झोप सोडून इथे नक्की काय करतोय.

वकिलांनी पत्र आणि पेन पुढे सरकवलं. पंचांनी ते बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर मंडळाचा एकुलता एक नियम टांगलेला होता, पंचांच्याच अक्षरात: नव्या कार्डाबद्दल तोंड उघडायचं तर आधी ते तीन डाव खेळायचं. कुणी खेळलंय का राखणदारणीला, त्यांनी विचारलं.

“तुम्ही तरी कुठे खेळलात?” वकील म्हणाले. “पाकीट फोडलंत आणि लिहून मोकळे झालात. पहिला मुद्दा तुमचाच आहे.”

आपलेच दात, आपलेच ओठ. पंच म्हणाले, म्हणूनच आता खेळतो. मंडळी कुरकुरली, घड्याळं बघितली गेली, पण नियम तो नियम.

पहिल्या डावात मास्तरांनी पंचांना धूळ चारली. दुसऱ्यात वकिलांनी, शिवाय वर गोष्टीवर व्याख्यान दिलं ते वेगळं. राखणदारणीला मैदानात उतरवलं की चार दिवे जातात आणि ती काही मारत नाही, नुसती एक फेरी हल्ला अडवून धरते. तेवढ्यात मागचं सगळं सैन्य हातात परत घेता येतं. पंच दोन्ही डाव हरले, पण हरताना त्यांच्या पुढ्यातलं एकही कार्ड मेलं नव्हतं. हे मास्तरांच्या फळ्यावर कुठेच आलेलं नव्हतं. मास्तर फळ्याकडे बघून नाक खाजवत राहिले.

तिसऱ्या डावाला समोर नर्सबाई बसल्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या आणि आठवडाभराच्या धबडग्यात त्यांनी ते कार्ड नीट बघितलंही नव्हतं. डाव अर्ध्यावर असताना पंचांनी राखणदारीण टाकली. नर्सबाईंनी ती उचलून डोळ्यांजवळ धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही. मग म्हणाल्या की हा हात चुकलेला नाही, झटका आलेल्या माणसाचा हात असाच होतो, आणि ज्याने कुणी काढलाय त्याने तो रोज बघितलेला आहे.

वकिलांनी तोंड वाकडं केलं. खेळात दवाखाना कशाला, म्हणाले. पंच, तुम्हीच सांगा काय ते, पाच वाजून गेले.

पंचांना सुटायला यापेक्षा सोपी वाट मिळाली नसती. बाईंचं मत जाणकाराचं आहे, मुद्दा मागे घेतो, एवढं म्हणून ते मोकळे झाले असते. कुणालाच काही कळलं नसतं. त्यांनी पेन उचललं, पत्रातला पहिला मुद्दा एका रेघेत खोडला, आणि त्यांना भयंकर लाज वाटली. ती तशीच गिळून टाकणं त्यांना जमेना.

“चूक चित्रकाराची नाही, माझी आहे,” ते म्हणाले. “माझ्या आईचा हात अगदी असा आहे. चार वर्षं रोज सकाळी मी तो बाहीत घालतो. आणि मला ओळखता आला नाही.”

सायकलवाला उठून उगाचच खिडकी लावून आला. नर्सबाईंनी कार्ड पंचांसमोर ठेवलं आणि तुमची खेळी आहे म्हणाल्या.

असं वाटेल की आता तरी ही माणसं शहाणी होतील. कुठलं काय. दोन मिनिटंही गेली नसतील, वकिलांचे डोळे चमकले. म्हणजे तिसऱ्या संचात पहिल्या दारावर जो विषारी बाण सुटला होता, आणि लागला कुणाला ते कधी सांगितलंच नव्हतं, तो हिला लागला होता! मास्तर म्हणाले, शक्यच नाही, तारखा जुळत नाहीत. पुन्हा फळा पुसला गेला, पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले. पत्र गेलं ते फक्त चार दिव्यांची हरकत घेऊन. सहाला पाच मिनिटं कमी असताना पंचांनी त्यावर सही केली. हात पत्रात कुठेही नव्हता.

घरी धाकटी दारातच उभी होती. पंचांनी काम झालं अशी नुसती मान डोलावली, तशी ती आत जाऊन चहा ठेवायला लागली. आई बाल्कनीच्या दाराशी तिच्या खुर्चीत होती. पंचांनी खिशातून नमुन्याचं कार्ड काढून तिच्या उजव्या हातात दिलं, शेजारी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. वहीतलं वाक्यसुद्धा, आरशासकट.

आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कार्ड उजेडाकडे धरलं. हात बरोबर आलाय, म्हणाली, पण हे नाक कुणाचं? स्वयंपाकघरातून धाकटीचा कपबशी आपटल्याचा आवाज आला. चुका काढायचा गुण पंचांना कुठून आला हे वेगळं सांगायला नकोच.

पंच मान खाली घालून म्हणाले, “आई, मला खरंच ओळखू आला नाही गं.”

“कसा येईल?” आई म्हणाली. “तू रोज बाही बघतोस. नीट गेली की नाही, एवढंच.”

ती रागावली नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. पंचांनी चहा निवू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं स्वेटर घेऊन ते खाली बसले. डावा हात त्यांनी आपल्या तळव्यावर घेतला. मनगट आत वळलेलं, बोटं मुडपलेली, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा एक जुना डाग. तो डाग कधीचा, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एक एक बोट हळूच उलगडून पाहिलं. छापखान्यात जायची वेळ टळून चालली होती.

“अरे, बघून झालं असेल तर घाल आता,” आई म्हणाली. “थंडी वाजतेय मला.”