हवेचा मांडव आणि नवऱ्या मुलाचा कान

आमच्या सुलूच्या लग्नात मी नवऱ्या मुलाचा कान पिळला आणि मांडव पडला.

या दोन गोष्टींचा संबंध काय, असं मांडवाखाली सापडलेल्या पाहुण्यांनाही वाटलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा कागलच्या एमआयडीसीत, हवेनं फुगणाऱ्या कमानी बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. (डिप्लोमा मेकॅनिकल! अख्ख्या घरात मीच.) तिथं एका कमानीसाठी कापडाचे ढीगभर तुकडे कापायचे, ते तापवून जोडायचे, प्रत्येक नळी वेगळी बंद करायची, प्रत्येकीला वेगळा व्हॉल्व बसवायचा. बघून बघून माझा जीव मेटाकुटीला यायचा. एवढी कटकट कशाला? दोन मोठे थर एकावर एक ठेवा, खडूनं आखा, कडेनं गरम इस्त्री फिरवा, एकच व्हॉल्व लावा, संपलं! आत सगळीकडं एकच हवा खेळणार. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "संज्या, जेवणाची सुट्टी संपली."

मग मी घरीच करून दाखवायचं ठरवलं. सुलूचं लग्न ठरलंच होतं.

"आबा, मांडववाल्याला नको म्हणून सांगा. मांडव मी करतो," मी वडिलांना म्हटलं.

"तू?" आबांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"हवेचा! खांब न्हाय, बांबू न्हाय, काय न्हाय."

"दादा, माझं लगीन हाय," सुलू रडवेली झाली. "पडला तर सासरी जन्मभर मला ऐकून घ्यावं लागंल!"

"पडंल कसा? पडायला त्यात हाय काय?"

गच्चीवर आठवडाभर इस्त्री फिरली. (त्याच इस्त्रीनं आबांच्या सगळ्या सदऱ्यांवर निळे पट्टे उमटवले.) लग्नाच्या सकाळी पंप लावला आणि दारापुढच्या पटांगणात मांडव डुलत उभा राहिला. गल्ली बघायला लोटली. मी कमरेवर हात ठेवून फिरत होतो, तेवढ्यात मलकापूरची आत्या आली.

"मेढ कुठं हाय?"

मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला, मानाचा खांब. पूजा करून, आंब्याचा डहाळा बांधून तो रोवायचा. मी रोवलाच नव्हता. ज्या मांडवाला खांबच नाही, त्याचा मानाचा खांब आणू कुठून?

"मेढीबिगर मांडव? लगीन हाय का सर्कस?" आत्या कडाडली. तिनं उंबराची फांदी तोडून आणवली आणि मांडवाच्या पायाशेजारी रोवून घेतली. वारं सुटलं होतं, मांडव सरकायला लागला होता, म्हणून मीच शहाण्यानं तो त्या मेढीला आवळून बांधला. फांदीवर छाटलेल्या डहाळ्यांची टोकं तशीच होती, सुरीसारखी. ती मला दिसली नाहीत. आत्यानं लावलेलं हळदकुंकू तेवढं दिसलं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि 'सूंऽऽऽ' असा आवाज आला. मला वाटलं, भटजींनी सूर लावला. मग वर बघितलं. छत भटजींकडं निघालं होतं! कारखान्यात एक नळी फुटली तरी बाकीच्या उभ्या राहायच्या. त्या वेगवेगळ्या का असतात, हे मला त्या क्षणी कळलं. तसाच धडपडत मेढीपाशी गेलो, भोक शोधलं आणि त्यावर अंगठा दाबून उभा राहिलो. छत थांबलं. अक्षता पडल्या. सुटलो बाबा, असं वाटलं.

"मुलीचा भाऊ कुठाय?" भटजी ओरडले. "होमाआधी कानपिळी उरकून घेऊ!"

नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. आणि सुलूला भाऊ एकच!

"मला हितनं हलता येत न्हाय!"

"का रं? अंगात आलंय का तुझ्या?" आत्या म्हणाली.

"आत्या, नवऱ्यालाच हिकडं आणा की!"

गडहिंग्लजचे पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मुलाच्या वडिलांच्या मिशा थरथरल्या. "कान पिळून घ्यायला आमच्या पोरानं चालत जायचं व्हय?" शेवटी सुलूनंच शेल्याची गाठ ओढत नवऱ्याला माझ्यापुढं आणलं. मी उजवा अंगठा भोकावर ठेवून डाव्या हातानं त्याचा कान धरला.

"जोरात पीळ!" आत्या ओरडली. "हळू पिळलास तर पोरीच्या सासरी तुला कोण भिणार न्हाय!"

पिळला! असा पिळला, की नवरा "आयाऽऽ" करत मागं उडाला तो थेट मेढीवर. मेढ कलली, टोकं कापडात घुसली आणि मांडव फर्रर्रकन फाटला. नवरा, नवरी, भटजी, सगळं वऱ्हाड निळ्या कापडाखाली! (होम पेटला नव्हता, म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे.)

मग पोरांची रडारड, म्हाताऱ्यांच्या शिव्या. आणि एका उंचवट्याखालून चक्क हसणं! सुलू हसत होती, नवराही हसत होता. पण दुसऱ्या उंचवट्यातून मुलाचे वडील रांगत बाहेर आले. फेटा सुटून गळ्यात, कापडाची झालर डोक्यावर.

"पावणं, ह्यो मांडव केला कुणी?"

महिनाभर भेटेल त्याला 'मीच, मीच' सांगत फिरलो होतो. पण आता सुलूच्या सासरचा प्रश्न होता.

"भाड्यानं आणलाय, पावणं!" मी छाती पुढं काढून म्हणालो. "उद्या बघतोच की त्या माणसाकडं!"

त्यांनी डोक्यावरची झालर काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली :

"संशोधक व निर्माते, श्रीमान संजयराव!"

त्यातलं 'श्रीमान' आणि 'राव', दोन्ही मीच रंगवलं होतं.