मोडनिंबला मी आत्या झाले

सोलापूर सोडताना पिशवीत दोन चादरी, कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची कोरडी, तिखट चटणी) होती. नाशिक येईपर्यंत अर्धी चटणी मीच फस्त करणार हे ठरलेलं होतं. पण मोडनिंबजवळ एसटीचा टायर फुटला. कंडक्टर म्हणाला, "तासभर लागंल." झालं!

शेजारच्या सीटवरच्या कमलताई मांडीवर पाळण्याची झालर घेऊन बसल्या होत्या. नातीचं बारसं होतं. "हितं उन्हात काय करताय? घर रस्त्यालाच हाय. चला की!"

घरी पाळणा सजलेला, घुगऱ्या (उकडलेले हरभरे) तयार. पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच नव्हती. कमलताईंना एकच मुलगा. त्याच्या लांबच्या बहिणींतली एक नातेपुत्याला नर्स, तिला रजा नाही. दुसरी बंगळुरूला नोकरीत. आत्या कोणी व्हायचं यावरून गल्लीतल्या बायकांची जुंपली होती. एकीला केलं की बाकीच्या रुसणार!

"सासूला माज्या आठ. मी एकावर थांबले," कमलताई म्हणाल्या.

"कोणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय. शेजारणीचं एकलं पोरगं इस्त्रीची कापडं घालून बार्शीला शाळंत जायचं. मला बी तसंच पायजे होतं. सासू लई चिडली, पण मी हटले न्हाय. आता बगा, नातीला आत्या न्हाय." त्यांचे डोळे भरले. मग एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुमी व्हता का?"

मला भरूनच आलं. मीही एकुलती एक, मला आत्या कोण म्हणणार? मी लगेच हो म्हटलं.

पाळण्यावर वाकून "कुर्रर्र" केलं आणि पाठीत धपाधप बुक्के बसले! आत्याला असे बुक्के घालायची रीतच आहे, पण परकी पाठ मिळाल्यावर मोडनिंबच्या बायकांनी हात धुऊन घेतले. मी कानात 'मीरा' सांगितलं. पोरीने जांभई दिली.

निघताना सुनेने घुगऱ्यांची पुडी दिली. "आमचंबी एकच पुरे ठरलंय, आत्या."

"म्हंजी ही बी कुणाची आत्या व्हायची न्हाय," कमलताई पुटपुटल्या.

"मी तरी कुठं होणार होते?" मी म्हटलं. "झाले की आज!" तेव्हा कुठे त्या हसल्या.

एसटी पुन्हा सुटल्यावर घुगऱ्या खात विचार करत होते. आठाचं एक झालं ते कोणाच्या हुकमाने नाही, शेजारणीच्या पोराकडे बघून. त्यात आत्या हरवेल हे कोणाच्या डोक्यात आलं नसेल.

नाशिकला पाठ दोन दिवस ठणकत होती. नवरा मलम घेऊन आला.

"राहू दे," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांनी मिळालंय."